हवामानशास्त्राच्या वर्गप्रकल्पासाठी स्लाइड-सादरीकरणाची पूर्वतयारी : पुणे शहराच्या पर्जन्यमानाच्या संदर्भात

गोषवारा

महाविद्यालयीन स्तरावर हवामानशास्त्र व हवामान-भूगोल या विषयांच्या अध्ययनात वर्गप्रकल्प आणि त्याचे स्लाइडच्या साहाय्याने केलेले सादरीकरण यांना आता नियमित स्थान मिळाले आहे. सादरीकरणाची तयारी म्हणजे रंग, चित्रे व अक्षरांची निवड असा समज विद्यार्थ्यांमध्ये सर्रास आढळतो. हवामानाचा कोणताही आकडा स्थळ, कालावधी आणि तुलनेचा आधार या तीन गोष्टींशिवाय अपुरा असतो. तो तसाच स्लाइडवर आला तर पाहणाऱ्याची दिशाभूल होते. पुणे शहराच्या पर्जन्यमानाचा प्रकल्प उदाहरण म्हणून घेऊन प्रश्नाची निवड, आकड्यांची छाननी, आलेख, स्लाइडचा क्रम आणि निष्कर्षांच्या मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : पर्जन्यमान, दीर्घकालीन सरासरी, विचलन, पर्जन्यछाया, स्तंभालेख, स्लाइड-सादरीकरण.

१. प्रस्तावना

हवामान हा विषय सर्वांच्या परिचयाचा आहे. पाऊस लांबला, उकाडा वाढला, थंडी यंदा कमी पडली अशी विधाने घरोघरी केली जातात. या परिचयामुळेच त्याचा शास्त्रीय अभ्यास करताना विद्यार्थ्याची एक अडचण होते. जे रोज अनुभवास येते ते आपल्याला समजलेले आहे असे त्याला वाटते व अनुभवाचे रूपांतर मोजमापात करण्याची गरज भासत नाही. अनुभवाकडून मोजमापाकडे आणि मोजमापाकडून विधानाकडे जाण्याची शिस्त लावणे हा वर्गप्रकल्पाचा खरा हेतू होय.

प्रकल्पाचा लेखी अहवाल बहुधा एकटा परीक्षक वाचतो; सादरीकरण मात्र संपूर्ण वर्ग पाहतो. अहवालातील शंकास्पद आकड्यापाशी वाचक थांबू शकतो, मागची पाने चाळू शकतो. पडद्यावरील स्लाइड काही सेकंदांत निघून जाते आणि तिच्यावरील आकडा तेवढा लक्षात राहतो. म्हणूनच सादरीकरणाची तयारी ही प्रकल्पाच्या शेवटी उरकण्याची बाब ठरत नाही. स्लाइडवर काय लिहिता येईल याचा विचार करताना प्रकल्पातील कच्चे दुवे विद्यार्थ्याला दिसू लागतात.

२. पुणे शहर आणि हवामानशास्त्र

पुण्यातील विद्यार्थ्याला या विषयासाठी लाभलेली पार्श्वभूमी देशातील फार थोड्या शहरांतील विद्यार्थ्यांना लाभते. भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. विभागाचे मुख्यालय कोलकात्याहून १९०५ मध्ये सिमल्यास, तेथून १९२८ मध्ये पुण्यास आणि पुढे १९४४ मध्ये नवी दिल्लीस हलविण्यात आले. सिमल्याहून आलेले कार्यालय म्हणून शिवाजीनगर येथील वास्तू 'सिमला ऑफिस' या नावाने ओळखली जाऊ लागली. आज तो चौकही त्याच नावाने परिचित आहे. मात्र तेथून रोज ये-जा करणाऱ्या अनेकांना या नावाचा हवामानाशी असलेला संबंध ठाऊक नसतो. मुख्यालय दिल्लीस गेले तरी हवामानाच्या नोंदींचे जतन, हवामान संशोधन व दीर्घ पल्ल्याचे अंदाज यांसंबंधीचे महत्त्वाचे काम पुण्यातच राहिले. हवामानाच्या उपकरणांचे भारतात प्रमाणीकरण घडवून आणणाऱ्या ॲना मणी १९४८ मध्ये याच विभागाच्या पुणे कार्यालयात रुजू झाल्या. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची स्थापना १९६२ मध्ये झाली.

भौगोलिकदृष्ट्याही पुणे हे अध्ययनास अत्यंत अनुकूल ठिकाण आहे. नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीस अडून वर चढतात, थंड होतात व घाटमाथ्यावर विपुल पाऊस देतात. पूर्वेकडे उतरताना तीच हवा उबदार व तुलनेने कोरडी होते. परिणामी महाबळेश्वर येथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात तो साधारणतः ७०० ते ७५० मिलिमीटर असतो. पर्जन्यछायेची ही पाठ्यपुस्तकातील संकल्पना पुण्याचा विद्यार्थी ताम्हिणीकडील एका दिवसाच्या सहलीत डोळ्यांनी पाहू शकतो.

३. विषयाकडून प्रश्नाकडे

'पुण्याचा पाऊस' हा केवळ विषय झाला. त्यावर स्लाइड करावयास बसलेला गट पावसाची व्याख्या, पावसाचे प्रकार, जलचक्राची आकृती, ढगांची छायाचित्रे अशी सामग्री जमवितो. पंचवीस-तीस स्लाइड होतात, पण पाहणाऱ्यास नवे काही कळत नाही. याउलट 'पुण्यात जोरदार पावसाच्या दिवसांची संख्या गेल्या काही दशकांत बदलली आहे काय?' किंवा 'शिवाजीनगर, पाषाण व लोहगाव येथील एकाच दिवसाच्या पावसात किती फरक पडतो?' हे प्रश्न आहेत. प्रश्नास उत्तर असते, उत्तरास पुरावा लागतो आणि कोणती स्लाइड ठेवावी व कोणती गाळावी हे पुराव्यावरून ठरविता येते.

प्रश्न निवडताना उपलब्ध कालावधी व आकडे यांचे भान ठेवणे अगत्याचे आहे. एका सत्रात स्वतः पर्जन्यमापक ठेवून घेतलेल्या नोंदींवरून हवामानबदलाविषयी बोलता येणार नाही. मात्र दोन ठिकाणांच्या पावसातील फरकाविषयी निश्चित बोलता येईल. हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाने १९०१ पासूनची दैनंदिन पावसाची जालक-स्वरूपातील माहिती अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकोनांत उपलब्ध करून दिली आहे. दीर्घ कालावधीच्या प्रश्नासाठी ती उपयुक्त ठरते. पण अशा एका चौकोनाची बाजू पुण्याच्या अक्षांशावर सुमारे २६ ते २८ किलोमीटर भरते. कात्रज, शिवाजीनगर व लोहगाव यांच्या पावसातील फरक त्यात विरून जाऊ शकतो, म्हणून शहरांतर्गत फरकाच्या प्रश्नासाठी ही माहिती पुरेशी नाही. प्रश्नाचा आवाका आणि माहितीचा आवाका जुळतो की नाही, हे पाहणे तयारीची पहिली पायरी होय.

४. आकड्यामागील संकेत

हवामानाचा प्रत्येक आकडा काही संकेतांवर उभा असतो. ते संकेत स्लाइडवर दिले नाहीत तर आकडा खरा असूनही त्याचा अर्थ चुकीचा लागतो. यातील तीन संकेत विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला संकेत स्थळाचा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत झालेली अतिवृष्टी सर्वांच्या स्मरणात आहे. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत त्याच शहराच्या दक्षिण टोकास, कुलाबा येथे केवळ ७३ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. दोन वेधशाळांमधील अंतर वीस-पंचवीस किलोमीटरच आहे. 'मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस' एवढेच लिहिलेली स्लाइड अर्धी माहिती देते आणि 'मुंबईत ७३ मिलिमीटर पाऊस' असे लिहिणारी स्लाइड त्याच दिवशी बुडालेल्या उपनगरांना नाकारते. आकड्यासोबत वेधशाळेचे नाव लिहिणे हा केवळ औपचारिकतेचा भाग नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

दुसरा संकेत काळाचा. भारतात चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजला जातो व तो मोजणीच्या तारखेखाली लिहिला जातो. त्यामुळे २६ जुलैच्या दुपारी व रात्री मुंबईत कोसळलेला पाऊस विभागाच्या नोंदीत २७ जुलै या तारखेखाली सापडतो. वृत्तपत्रातील बातमी आणि नोंदवही यांतील ही एका दिवसाची तफावत ठाऊक नसलेला विद्यार्थी एक तर नोंद चुकीची मानतो किंवा भलत्याच दिवसाचा पाऊस त्या घटनेला चिकटवितो. 'दि. २७ जुलै २००५, सकाळी ८.३० पर्यंतचे २४ तास' अशी एक लहान ओळ आलेखाखाली लिहिल्यास हा घोटाळा टळतो.

तिसरा संकेत तुलनेच्या आधाराचा. 'यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस' असे म्हणताना ती सरासरी कोणत्या वर्षांची हे सांगणे आवश्यक असते. संपूर्ण देशाच्या जून ते सप्टेंबर या कालावधीतील पावसाची दीर्घकालीन सरासरी १९५१ ते २००० या वर्षांवरून सुमारे ८९ सेंटिमीटर, १९६१ ते २०१० वरून सुमारे ८८ सेंटिमीटर आणि १९७१ ते २०२० वरून सुमारे ८७ सेंटिमीटर येते. २०२३ च्या मोसमात देशात ८२ सेंटिमीटर पाऊस झाला. तो नव्या सरासरीच्या ९४ टक्के भरतो, मधल्या सरासरीच्या ९३ टक्के आणि जुन्या सरासरीच्या ९२ टक्के. पाऊस एकच असताना टक्केवारी तीन निघाल्या. २०२३ च्या बाबतीत वर्गवारी बदलत नाही. पण केवळ उदाहरणादाखल ८३.५ सेंटिमीटर पाऊस गृहीत धरला तर तो नव्या आधाराने ९६ टक्के म्हणजे 'सामान्य' ठरेल आणि जुन्या आधाराने ९४ टक्के म्हणजे 'सामान्यापेक्षा कमी'. दोन गटांनी दोन वेगवेगळे आधार घेऊन वर्गात परस्परविरोधी निष्कर्ष मांडले, तर त्यांतील कोणाचीही बेरीज चुकलेली नसेल.

'सामान्य' या शब्दाविषयी आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. देशाच्या मोसमी पावसासाठी ९६ ते १०४ टक्के ही मर्यादा सामान्य समजली जाते. एखाद्या जिल्ह्याच्या किंवा हवामान-उपविभागाच्या पावसासाठी मात्र सरासरीपेक्षा उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांपर्यंतचे विचलन सामान्य या वर्गात मोडते. क्षेत्र लहान झाले की पावसातील चढउतार वाढतात, हे यामागील कारण होय. पुणे जिल्ह्याचे उणे १५ टक्के विचलन 'सामान्य' आणि देशाचे उणे ६ टक्के विचलन 'सामान्यापेक्षा कमी' ही दोन्ही विधाने एकाच वेळी बरोबर असू शकतात. असे शब्द वापरण्यापूर्वी त्यांची व्याख्या एका स्लाइडवर देणे इष्ट ठरते.

दैनंदिन पावसाच्या संज्ञांनाही हेच लागू पडते. चोवीस तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो 'पावसाचा दिवस' गणला जातो. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस 'जोरदार', ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर 'अतिजोरदार' आणि त्यापुढील 'अत्यंत जोरदार' या वर्गात मोडतो. बोलीभाषेतील जोरदार पाऊस अर्ध्या तासाचाही असतो. शास्त्रीय संज्ञेतील जोरदार पाऊस चोवीस तासांच्या बेरजेवर ठरतो.

५. माहितीची छाननी व आलेख

आलेख काढण्यापूर्वी नोंदी एकदा डोळ्यांखालून घालणे अनिवार्य आहे. नोंद नसणे आणि पाऊस शून्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संगणकीय माहितीत नसलेली नोंद पुष्कळदा उणे ९९९ अशा सांकेतिक आकड्याने दर्शविलेली असते. ती न वगळता सरासरी काढल्यास पाऊस ऋण निघतो. ही चूक निदान दिसून तरी येते. रिकाम्या जागी शून्य भरल्याने होणारी चूक मात्र दिसत नाही; ती सरासरीस गुपचूप खाली ओढते. एकूण दिवसांपैकी किती दिवसांच्या नोंदी उपलब्ध नव्हत्या, हे स्लाइडवर नमूद करणाऱ्या गटाविषयी ऐकणाऱ्याचा विश्वास वाढतो.

आलेखाचा प्रकार राशीच्या स्वरूपावर अवलंबून असतो. पाऊस ही ठराविक काळात साठलेली बेरीज असल्याने तो स्तंभालेखाने दाखवावा. तापमान ही सलग बदलणारी राशी असल्याने तिच्यासाठी रेषालेख योग्य. स्तंभाची उंची हेच तेथे मोजमाप असल्याने स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासूनच सुरू व्हावा. तो ६०० मिलिमीटरपासून सुरू केला तर ७०० व ८०० मिलिमीटर पावसाची दोन वर्षे एकास दुप्पट अशी दिसतील. त्रिमितीय स्तंभ, छाया व चकाकी यांमुळे उंची वाचणे कठीण होते. एक्सेलमध्ये ही सोय आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही.

नकाशातील रंगांच्या बाबतीत एक विशेष दक्षता घ्यावी लागते. हवामानशास्त्र विभागाच्या इशाऱ्यांतील हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल हे चार रंग आता जनसामान्यांच्या परिचयाचे झाले आहेत. हे रंग पावसाचे प्रमाण थेट सांगत नाहीत. कोणतीही कृती नको, माहितीकडे लक्ष ठेवावे, सज्ज राहावे आणि कृती करावी असे ते अनुक्रमे सुचवितात. विद्यार्थ्याने पावसाच्या प्रमाणासाठी हेच रंग वापरले तर पाहणाऱ्यास तो इशाऱ्याचा नकाशा वाटेल. प्रमाण दाखविण्यासाठी एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा वापराव्यात. लाल-हिरव्यातील भेद न जाणवणाऱ्या विद्यार्थ्यांसही त्या वाचता येतात.

मोठे आकडे पाहणाऱ्याच्या आवाक्यात आणणे हेही सादरीकरणाचे काम आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. या हिशेबाने १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ६५ मिलिमीटरचा जोरदार पाऊस ६,५०० लिटर पाणी टाकतो. ही एक ओळ 'जोरदार पाऊस' या संज्ञेचा अर्थ एखाद्या छायाचित्रापेक्षा अधिक स्पष्ट करते.

६. स्लाइडची रचना व क्रम

स्लाइडची मांडणी चुकल्यास काय घडू शकते, याचे एक गंभीर उदाहरण अवकाशविज्ञानातील आहे. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या उड्डाणावेळी बाह्य टाकीवरील फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्या आघाताचे विश्लेषण स्लाइडद्वारे मांडले. प्रत्यक्षातील तुकड्याचे आकारमान सुमारे १,९२० घन इंच होते, तर ज्या चाचण्यांवर अनुमान आधारलेले होते त्यांतील तुकडा अवघा ३ घन इंचांचा होता. ही निर्णायक बाब एका गजबजलेल्या स्लाइडच्या अगदी तळाशी दबून गेली आणि मथळ्याचा एकंदर सूर दिलासा देणारा राहिला. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या प्रवासात यान नष्ट झाले व कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. दुर्घटनेचे कारण स्लाइड हे नव्हते. तथापि एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडचे परखड विश्लेषण केले आणि चौकशी मंडळानेही आपल्या अहवालात तांत्रिक माहिती अशा रीतीने मांडण्याच्या प्रथेवर टीका केली.

या उदाहरणातून वर्गप्रकल्पासाठी दोन नियम मिळतात. स्लाइडचा मथळा हे पूर्ण विधान असावे व खालील पुराव्याने ते सिद्ध व्हावे, हा पहिला. 'पर्जन्यमान' या मथळ्याऐवजी 'पुण्याचा बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो' असा मथळा दिल्यास खालील स्तंभालेख कशासाठी आहे हे लगेच कळते. दुसरा नियम असा, की निष्कर्षास बाधा आणणारी माहिती सर्वांत लहान अक्षरांत किंवा शेवटच्या ओळीत लपवू नये.

दहा मिनिटांच्या सादरीकरणास साधारणतः दहा स्लाइड पुरेशा होतात. पहिल्या स्लाइडवर प्रश्न, स्थळ व कालावधी असावा. दुसरीवर सह्याद्री, पुणे व निवडलेल्या वेधशाळा दाखविणारा नकाशा, तिसरीवर वापरलेल्या संज्ञांच्या व्याख्या आणि चौथीवर माहितीचा स्रोत व नसलेल्या नोंदींचा हिशेब द्यावा. पाचवीवर महिनावार सरासरी, सहावीवर वर्षनिहाय विचलन आणि सातवीवर जोरदार पावसाच्या दिवसांची संख्या यावी. आठव्या स्लाइडवर एखाद्या प्रत्यक्ष घटनेचा अभ्यास असावा. नववीवर मर्यादा व दहावीवर पहिल्या स्लाइडवरील प्रश्नाचे उत्तर यावे. हा क्रम प्रश्नानुसार बदलू शकेल. पण पहिली व शेवटची स्लाइड परस्परांशी जोडलेली असणे आवश्यक आहे.

७. कारणमीमांसा व मर्यादा

घटनेचा अभ्यास करताना पाऊस व पूर यांत गल्लत होणार नाही याकडे लक्ष पुरवावे लागते. १२ जुलै १९६१ रोजी पुण्यात आलेला महापूर पानशेत धरण फुटल्याने आला. तो त्या दिवशी शहरावर पडलेल्या पावसाचा परिणाम नव्हता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीची आपत्ती वेगळ्या प्रकारची होती. शहराच्या दक्षिण भागात अल्पावधीत कोसळलेल्या पावसाने आंबिल ओढ्यास पूर आला आणि शहर व परिसरात वीसहून अधिक लोकांचे प्राण गेले. मुठा नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरण्याची तिसरीही एक रीत आहे : पानशेत, वरसगाव व टेमघर धरणांच्या पाणलोट क्षेत्रात पाऊस वाढला की खडकवासल्यातून विसर्ग करावा लागतो. त्या वेळी शहरात पाऊस बेताचाच असू शकतो. तिन्ही घटनांना 'पुण्यातील अतिवृष्टी' हे एकच शीर्षक दिल्यास कारण झाकले जाते आणि कारण झाकले गेले की उपायही चुकतो. धरणाच्या सुरक्षिततेचा, ओढ्यावरील अतिक्रमणाचा आणि विसर्गाच्या पूर्वसूचनेचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला गेला पाहिजे.

सहसंबंध व कारण यांतील भेद हा दुसरा मुद्दा. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामानशास्त्र विभागाचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वेधशाळांच्या नोंदींचे सहसंबंध तपासले आणि त्यातून दक्षिणी आंदोलनाची संकल्पना पुढे आली. प्रशांत महासागरातील अल निनोशी असलेला तिचा दुवा नंतरच्या काळात उलगडला. आज अनेक सादरीकरणांत 'अल निनो म्हणजे दुष्काळ' अशी एका ओळीची स्लाइड असते. २००९ मध्ये अल निनो असताना देशात सरासरीच्या ७८ टक्केच पाऊस झाला हे खरे. परंतु १९९७ मध्ये अत्यंत प्रबळ अल निनो असूनही पाऊस १०२ टक्के झाला होता. 'अल निनोच्या वर्षी पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते' हे विधान बरोबर आहे. 'अल निनोमुळे दुष्काळ पडतो' हे तितक्या निरपवादपणे म्हणता येत नाही. फरक एका क्रियापदाचा दिसत असला, तरी शास्त्रीय विधान आणि अफवा यांची सीमा तेथेच आहे.

मर्यादा सांगण्यात विद्यार्थ्यांना कमीपणा वाटतो, गुण कमी होतील अशी भीतीही असते. वास्तविक हवामानशास्त्र विभागही मोसमी पावसाचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज संभाव्य त्रुटीसह जाहीर करतो. अनुभवी संस्था जे लपवीत नाही ते विद्यार्थ्याने लपविण्याचे कारण नाही.

८. भाषा, टंक व प्रत्यक्ष सादरीकरण

मराठीतून सादरीकरण करणाऱ्या गटापुढे टंकाची जुनी अडचण असते. युनिकोड-पूर्व टंकांत लिहिलेला मजकूर वर्गातील संगणकावर तो टंक नसल्यास निरर्थक चिन्हांत उमटतो. मजकूर युनिकोडमध्ये लिहावा, स्लाइडची एक प्रत पीडीएफ स्वरूपात सोबत ठेवावी आणि वर्गातील प्रोजेक्टरवर ती आदल्या दिवशी पाहून घ्यावी. शेवटच्या बाकावरून वाचता न येणारे अक्षर स्लाइडवर नसावे. परिभाषेच्या बाबतीत 'विचलन', 'समपर्जन्य रेषा' यांसारखे रूढ मराठी शब्द वापरावेत व पहिल्या वापराच्या वेळी त्यांचा अर्थ तोंडी सांगावा.

स्लाइडवरील मजकूर जसाच्या तसा वाचून दाखविणे टाळावे. आलेख समोर आल्यावर वक्त्याने प्रथम आडवा अक्ष, मग उभा अक्ष व एकक सांगावे आणि त्यानंतर आलेखातील मुख्य बाब दाखवावी. गटातील प्रत्येकास सर्व आकड्यांचे मूळ ठाऊक असावे. 'हा पाऊस कोठे, कधी आणि कशाच्या तुलनेत?' हा प्रश्न कोणीही विचारू शकतो. तालमीच्या वेळी गटाने प्रत्येक स्लाइडला तोच प्रश्न विचारून पाहिल्यास बहुतेक उणिवा आधीच दूर होतात.

९. समारोप

हवामानाच्या वर्गप्रकल्पातील स्लाइड ही लहानशी गोष्ट दिसते. तथापि ती तयार करताना स्थळ, काळ व तुलनेचा आधार सांगण्याची जी सवय लागते, ती विद्यार्थ्यास पुढे आयुष्यभर उपयोगी पडते. वर्गातील विद्यार्थ्यांपैकी कोणी शिक्षक होतील, कोणी पत्रकार, कोणी महापालिकेच्या किंवा जिल्हा प्रशासनाच्या सेवेत जातील. पावसाच्या आकड्यांवरून शाळांना सुटी द्यावी काय, नदीकाठची वस्ती हलवावी काय, असे निर्णय त्यांच्यापुढे येतील. शिवाजीनगरच्या पर्जन्यमापकातील पाणी कात्रजच्या ओढ्याची स्थिती सांगत नाही, ही जाण ज्याला वर्गात आली असेल तो अशा प्रसंगी आणखी एका ठिकाणची नोंद मागवील. वर्गप्रकल्पाच्या दहा मिनिटांतून एवढे साधले तरी त्यासाठी घेतलेले श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.